खिल्लारे साहेबांचा चार

आमच्या केंद्रात "काम कसं चाललंय?" या प्रश्नाला "उत्तम" असं उत्तर द्यायची सोय नव्हती, कारण आमच्या संचालकांचं नावच उत्तम होतं. डॉ. उत्तम खिल्लारे. एखाद्या नवख्यानं बैठकीत तसं म्हटलंच, तर साहेब चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "ते माझं नाव झालं. कामाचं सांगा." नवखा गारच व्हायचा. जुनी मंडळी फायलीत तोंड खुपसून हसायची, आणि मी, साहेबांचा स्टेनो, इतिवृत्ताच्या वहीवर कोरडं पेन फिरवत बसायचो.

उपग्रहांवर बसवायची मोजणी-यंत्रं तयार करणारं ते केंद्र. अंतराळातून येणारे किरण मोजायचे, धूळ मोजायची, असली कामं. तिथली शे-दोनशे हुशार माणसं, त्यांचे रुसवेफुगवे, त्यांच्या तारखा आणि त्यांची यंत्रं, हे सगळं साहेबांनी कितीतरी वर्षं हाकलं. साहेब मूळचे रिठदजवळच्या एका वस्तीवरचे, मी अनसिंगचा. वाशिम जिल्ह्यातली दोन माणसं इतक्या लांब, परक्या मुलखात एकाच केबिनीत येऊन पडली होती, पण हे मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही. नोकरीच्या तिसऱ्या दिवशी मी घरी फोनवर "येऊन राह्यलो ना बे" असं म्हणालो आणि मागं वळून बघतो तर दारात साहेब.

"कोनतं गाव?"

"अनसिंग, सर."

"मंग तीन दिवस माह्यासमोर इंग्रजी काहून झाडून राह्यला होता?"

त्या दिवसापासून केबिनीचं दार लागलं की आमची वऱ्हाडी सुरू. दार उघडलं की साहेब पुन्हा संचालक.

साहेबांच्या अंगावर बारा महिने अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट असे. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम न चालणारं. ते फेकून द्या म्हटलं तर म्हणायचे, "राहू दे, कोनी पेन मागतलं की हेच देतो." खुर्चीत त्यांचा जीव रमत नसे. कुणी येऊन सांगितलं की अमुक काम झालं, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "झालं? चला, दाखवा." आणि खरंच उठून कार्यशाळेत जायचे. एकदा एका चमूनं यंत्राची पेटी बंद झाल्याचा अहवाल दिला. साहेब गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून पेटीच्या खालच्या बाजूचे स्क्रू मोजले. अकरा निघाले. बारावा एका तंत्रज्ञाच्या खिशात होता, चहा पिऊन आल्यावर बसवणार होता तो. साहेब रागावले नाहीत. तिथंच जमिनीवर बसून राहिले आणि म्हणाले, "तुमचा चहा होऊ द्या, मी थांबतो." त्या चमूनं पुढं जन्मात असा अहवाल दिला नसेल.

त्यांचं खरं वैर मात्र एका शब्दाशी होतं. आपल्याकडचा तो साधा, रोजचा शब्द: होऊन राह्यलं. साहेब मला म्हणत, "अवचार, या शब्दात लय जागा हाये. सुरूच केलं नाई तेबी होऊन राह्यलं, अर्धं केलं तेबी होऊन राह्यलं, अन् बिघडलं तेबी होऊन राह्यलं." बैठकीत इंग्रजीत, हिंदीत, कुठल्याही भाषेत कुणी गोलगोल बोलायला लागलं की साहेब पुटपुटायचे, "म्हंजे होऊन राह्यलं." इतक्यांदा, की पुढंपुढं तो शब्द केंद्रात रुळला. केरळातला आमचा एक वरिष्ठ अभियंता अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "सर, अँटेना इज होऊन राह्यलं." त्याला बिचाऱ्याला वाटायचं, हा व्यवस्थापनशास्त्रातला काहीतरी शब्द असावा. साहेब फायलींच्या समासात त्याचं छोटं रूप लिहायला लागले, इंग्रजी अक्षरांत, एच. आर. असं. त्यातली एक फाईल शिपायानं इमानदारीनं मनुष्यबळ विभागात नेऊन दिली. तिथल्या बाईंनी महिनाभर ती ठेवून घेतली आणि शेरा मारून परत पाठवली, की सदर यंत्रास रजा मंजूर करता येत नाही. साहेबांनी तो शेरा माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतला आणि डोळे पुसले.

एवढ्या कडक माणसाचं स्वतःचं एक काम मात्र कायम होऊन राह्यलेलं होतं. संचालक होण्याआधी, तरुणपणी, साहेब स्वतः शास्त्रज्ञ होते. मोठ्या फुग्याला पेटी बांधून ते ती आकाशात सोडायचे, आणि आकाशाच्या एका कोपऱ्यातून क्ष-किरण येतात का ते मोजायचे. एका सकाळच्या उड्डाणात मोजणी थोडा वेळ एकदम वाढली होती. पण त्याच वेळी पेटी तापली होती, आणि पेटी तापली की यंत्र उगाचच जास्त मोजतं. म्हणून साहेबांनी छोटं टिपण लिहिलं, की तिथं काही नाही. सविस्तर शोधनिबंध नंतर लिहायचा होता. तेवढ्यात त्यांना नियोजनाच्या खुर्चीवर बसवलं, आणि मग खुर्च्या मोठ्या होत गेल्या. "साहेब, तुमचा पेपर?" असं विचारायची हिंमत केंद्रात फक्त माझी होती. साहेब खिडकीबाहेर बघायचे. "होऊन राह्यला," म्हणायचे, आणि मला पुढचं पत्र घ्यायला सांगायचे.

आता शाहीन मॅडमबद्दल सांगायला हवं. डॉ. शाहीन मंगरूळपीरच्या. शाळेत असताना साहेबांचं भाषण ऐकलं, त्या दिवशीच यायचं ठरवलं, आणि खरंच शिकून केंद्रात आल्या. मला वाटलं, आता केबिनीत तीन खुर्च्या लागतील. पण झालं उलटंच. साहेब माझ्याशी वऱ्हाडी बोलत, बंगाल्याशी मोडकी बंगाली बोलत, आणि शाहीन मॅडमशी मात्र शुद्ध, इस्त्री केलेली इंग्रजी. मी एकदा विचारलंच. साहेब म्हणाले, "तू स्टेनो हायेस, तुले मी काय देनार? तिले उद्या काई देलं त लोक म्हनतीन, गावची म्हनून देलं." मला ते तेव्हा पटलं होतं. आज पटत नाही.

शाहीन मॅडमनी सहा वर्षं खपून एका छोट्या यंत्राचा आराखडा केला. त्यांना आकाशाचा तोच कोपरा पुन्हा बघायचा होता. साहेबांच्या टिपणात पेटी किती वेळ तापली आणि मोजणी किती वेळ वाढली याचा मेळ त्यांना लागत नव्हता. मोठ्या बैठकीत त्यांनी सगळं मांडलं. मांडणी इतकी नेटकी होती की कुणी चहाचा कप उचलला नाही. सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "मी स्वतः पाहिलं आहे. तिथं काही नाही." मी ते वाक्य उतरवून घेतलं.

बैठक संपल्यावर मॅडम केबिनीत आल्या. "सर, मूळ नोंदवही बघायला मिळेल का?"

साहेबांनी मान वर केली नाही. "अवचार, यांना तक्ता द्या."

नोंदवही माझ्या खुर्चीमागच्या कपाटात होती. हात मागं केला असता तर लागली असती. पण साहेबांनी तक्ता म्हटलं, आणि टाइप केलेला तक्ता वाचायलाही स्वच्छ होता. मी तो दिला. मॅडमनी त्यात डोकं घातलं, तो दोनदा वाचला, आणि "थँक्यू" म्हणून गेल्या. त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे अब्बा आजारी होते, मंगरूळपीरच्या कॉलेजात जागा निघाली होती. सगळे म्हणाले, वडिलांसाठी गेली. मीही तसंच म्हणत होतो, कारण तसं म्हटलं की बरं वाटायचं.

निवृत्तीनंतर साहेबांनी रिठदला पुतण्याच्या शेताशेजारी दोन खोल्या बांधल्या. साहेबांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या, मुलगी नागपुरात. साहेब सकाळी सोयाबीनच्या कडेनं फिरायचे, पौर्णिमेला विहारात जायचे, आणि गावातल्या कुठल्याही कामाला "झालं? चला, दाखवा" म्हणायचे. त्यामुळं ग्रामपंचायतीचे लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे. मीही निवृत्त होऊन वाशिमला आलो होतो. एक दिवस साहेबांचा फोन आला, "अवचार, तो पेपर लिवून टाकू. डोळे चालले माहे." तेव्हापासून दर गुरुवारी मी एसटीनं रिठदला जायचो. केंद्राची परवानगी घेऊन आणलेल्या जुन्या वह्या लोखंडी पेटीत होत्या. मोतीबिंदूमुळं साहेबांना वाचता येत नसे. मी वाचायचो, ते सांगायचे, आणि मी लॅपटॉपवर टाइप करायचो.

त्या गुरुवारी आम्ही त्या सकाळच्या उड्डाणाच्या पानावर आलो. फुगा वर असताना जमिनीवरच्या यंत्राचा काटा बघून साहेबांनी दर पाच मिनिटांनी पेटीचं तापमान हातानं लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचत होतो.

"बावीस. तेवीस. तेवीस. चोवीस."

"अठ्ठावीस," साहेब म्हणाले.

"चोवीस हाये, साहेब."

"अठ्ठावीस रे. पाठ हाये मले. पंचविसाच्या वर गेलं की यंत्र बिघडते, म्हनून त सोडून देलं ना ते. चष्मा बदल."

"चष्मा मागच्याच महिन्यात केला, साहेब. पुढंही चोवीस, चोवीस, चोवीसच हाये. मंग तेवीस."

साहेबांनी वही ओढून घेतली. दारात उजेडात नेली, डोळ्याला लावली, भिंग लावलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. साहेब शिकले मराठी शाळेत. केंद्रात सगळं इंग्रजी आकड्यांत लिहायचा नियम होता आणि ते पाळायचे. पण घाई झाली, जीव गोळा झाला, की हात आपोआप मराठी शाळेत जायचा. मोजणी चढायला लागली आणि साहेबांनी भराभरा मराठी चार लिहिला होता. दोन आणि तीन दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून भाषा बदललेली कुणाला कळलीच नाही. पुढं ते पान टाइप करणारे गृहस्थ दक्षिणेतले. मराठी चार त्यांना इंग्रजी आठ दिसला. त्यांचा काय दोष? पेटी तापलीच नव्हती. आकाशातून खरोखरच काहीतरी आलं होतं.

साहेब दारातच खाली बसले. भिंग पुन्हा त्या चारवर धरलं. मग म्हणाले, "तेविसावरून एकदम अठ्ठावीस. अन् अठ्ठाविसावरून एकदम तेवीस. दुसऱ्या कोनाच्या कागदावर असं असतं त मी त्याले भर बैठकीत विचारलं असतं, मधले आकडे कुठी गेले म्हनून."

मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो, "पण साहेब, पेपर आता लय मोठा होईल. शोध लागला की तुमचा."

साहेब माझ्याकडं असे बघायला लागले की मी लॅपटॉप बंद केला. "शोधाचं काय घेऊन बसला?" ते म्हणाले. "त्या पोरीले मी कायच्या भरोशावर हाकललं?" आणि उठून शर्टाच्या गुंड्या लावायला लागले. "मंगरूळपीरची गाडी कितीले हाये?"

गाडी दुसऱ्या दिवशीचीच मिळाली. वाशिमला बदलून पुढं जायचं होतं. सबंध रस्ताभर साहेब मांडीवर वही धरून ओठ हलवत होते. हजारो बैठका चालवलेला माणूस, पण पहिलं वाक्य सापडेना. ते इंग्रजीत जुळवून बघत होते, हे मला ऐकू येत होतं. मी म्हणालो, "साहेब, वऱ्हाडीत बोला तिच्यासंग." त्यांनी ओठ हलवणं थांबवलं. पुढचा सगळा रस्ता ते खिडकीबाहेर बघत होते.

शाहीन मॅडम स्टाफरूममध्ये वह्या तपासत होत्या. केस पांढरे झालेले, पण बसणं तसंच ताठ. साहेबांना बघून त्या उभ्याच राहिल्या.

"सर? तुमी कायले आले? फोन केला असता त मीच आले असते रिठदले."

साहेबांनी वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली आणि पानावर बोट टेकवलं. "वाच." त्यांच्याशी साहेब वऱ्हाडी बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"बावीस, तेवीस, तेवीस, चोवीस, चोवीस..." मॅडम शिकल्या उर्दू शाळेत, मराठी आकडे त्यांना एसटीच्या पाट्यांनी शिकवलेले. त्या कुठंही अडखळल्या नाहीत. मग आवाज हळू झाला. "त्या तक्त्यात अठ्ठावीस होतं, सर."

"हो."

"मी वही मागतली होती."

"हो."

"मले तक्ता भेटला."

"तो मीच दिला होता, मॅडम," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

साहेब म्हणाले, "गलती माही हाये. पेपर लिवून राह्यलो, त्यात तुह्यं नाव पयलं टाकतो."

"नको, सर." मॅडमनी वही हळूच बंद केली. "हे मोजमाप तुमचं हाये. माह्यं त मोजायचंच राह्यलं. त्याच्यावर नाव कसं टाकू?" थोडा वेळ त्या टेबलावरच्या वह्या एकावर एक रचत राहिल्या. "करायचंच असन त एक करा. ते वाक्य मागं घ्या. मांगच्या साली माही एक विद्यार्थिनी तिकडं केंद्रात मुलाखतीले गेलती. तिनं हाच कोपरा पाहाचा म्हटलं. तिले तेच वाक्य ऐकवलं त्यायनं, तुमच्या नावासकट. खिल्लारे साहेबांनी पाहून ठेवलं हाये, तठी काई नाई."

साहेबांचा चेहरा तेव्हा उतरला तसा मी कधी पाहिला नव्हता. यंत्रं बिघडली, तारखा हुकल्या, तेव्हाही नाही. आपण खुर्ची सोडून आलो आणि आपलं वाक्य अजून तिथं बसून लोकांना परत पाठवतंय, हे त्यांना त्या टेबलापाशी कळलं. त्यांनी मॅडमकडूनच कोरा कागद मागून घेतला. मी सवयीनं पेन काढलं, तर म्हणाले, "नाई, मी लिवतो." डोळ्याजवळ कागद धरून, वाकड्यातिकड्या ओळींत त्यांनी केंद्राला पत्र लिहिलं, ते असं: बैठकीतलं माझं वाक्य चुकीचं होतं. मी पाहिलं नव्हतं, फक्त टाइप केलेला तक्ता पाहिला होता. डॉ. शाहीन यांनी मूळ नोंदवही मागितली होती, ती त्यांना देणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. इथून पुढं माझ्या नावानं कुणालाही नकार देऊ नये. खाली सही केली आणि कागद माझ्याकडं दिला, "वाच." मी वाचलं. वाचून झाल्यावर नीट घडी घातली.

त्या पत्राचं उत्तर आलं, पण उशिरा. इतिवृत्ताला दुरुस्ती जोडली आहे, असं त्यात होतं. तोवर साहेब नागपूरला मुलीकडं गेले होते, आणि तिथंच वारले. ते उत्तर मी मॅडमना नेऊन दिलं. साहेबांना मी शेवटचं बघितलं ते मंगरूळपीरच्या त्या दिवशीच.

त्या दिवशी पत्र पाकिटात घातलं आणि घंटा झाली. मॅडम म्हणाल्या, "बारावीचा तास हाये माहा."

"मी बसू का मांगं?" साहेबांनी विचारलं.

मॅडमनी जरा विचार केला. "चला," म्हणाल्या.

आम्ही दोघं शेवटच्या बाकावर बसलो. मॅडमनी फळ्यावर दोन रकाने काढले. एकात मोजणीचे आकडे, दुसऱ्यात तापमान, चोवीस, चोवीस, चोवीस. हे कुणाचं, कुठलं, काही सांगितलं नाही. आलेख काढा म्हणाल्या. वर्गात पट्ट्या, पेन्सिली वाजायला लागल्या. थोड्या वेळानं पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, टेम्परेचर त तेच राह्यलं. मंग आकडे काहून वाढले?"

"ज्यायनं मोजले ते मांगं बसले हायेत," मॅडम म्हणाल्या. "त्यायलेच विचारा."

सगळा वर्ग मागं वळला. साहेब बाकाला धरून उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर कितीतरी लोक असे उभे राहिलेले मी पाहिले होते.

"माईत नाई, बाई," ते म्हणाले.

मुलीचं समाधान झालं नाही. "मंग पुन्हा पाह्यलं नाई कोनी?"

"तुमच्या मॅडम पाहनार होत्या. मी पाहू देलं नाई."

"मंग?"

"मंग मॅडम अठी आल्या."

पोरांना यात वाईट काय ते कळलं नाही. दोघीतिघी मॅडमकडं बघून खुशीत हसल्या. मॅडम फळ्याकडं तोंड करून, हातात खडू धरून उभ्या होत्या. साहेबही उभेच होते. पोरं पुन्हा आलेखाला लागली तरी ते बसले नाहीत. मी त्यांच्या शर्टाला हळूच ओढ दिली, त्यांनी माझा हात बाजूला केला. बऱ्याच वेळानं मॅडम वळल्या आणि म्हणाल्या, "बसा, सर."

तेव्हा साहेब बसले.